खापरपणजोबांचा दुष्काळ आणि आपली साखर

भारतीयांना मधुमेह इतक्या लवकर आणि इतक्या मोठ्या संख्येने का होतो, या प्रश्नाचं एक तयार उत्तर हल्ली जिथे तिथे ऐकू येतं. इंग्रजांच्या काळात एकामागून एक दुष्काळ पडले, आपले पूर्वज उपाशी मेले किंवा जेमतेम जगले, त्या उपासमारीची खूण जगलेल्यांच्या जनुकांवर उमटली आणि ती पिढ्यान् पिढ्या उतरत आपल्यापर्यंत आली. म्हणून आपलं शरीर मिळेल तो घास चरबी करून साठवून ठेवतं. या कथेला ‘एपिजेनेटिक्स’ हे नाव जोडलं, की ऐकणाऱ्याला पुढे काही विचारावंसं वाटत नाही. कथेत इतिहास आहे, विज्ञान आहे आणि ‘आपला स्वतःचा यात काही दोष नाही’ असा दिलासाही आहे. इतकं सगळं एकत्र मिळाल्यावर ती पटली नाही तरच नवल. तिच्यातला ‘खूण उतरत आली’ हा एक दुवा मात्र मला अजिबात मान्य नाही. दुष्काळ खरे, मृत्यू खरे, मधुमेह खरा आणि एपिजेनेटिक्सही खरंच. पण सस्तन प्राण्यांच्या बाबतीत या शास्त्राने जे सर्वांत ठळकपणे दाखवलं आहे ते या कथेच्या नेमकं विरुद्ध आहे. पुढची पिढी घडवताना शरीर आधीच्या पिढीच्या जवळजवळ सगळ्या खुणा पुसून टाकतं, आणि तेही एकदा नव्हे, दोनदा.

आधी या खुणा असतात कशासाठी, ते पाहू. माणसाच्या यकृतातल्या पेशीत आणि मेंदूतल्या पेशीत डीएनए तोच असतो. प्रथिनं बनवणारी सुमारे २० हजार जनुकं दोन्हीकडे आहेत. तरी यकृताची पेशी कधी चेतापेशी होत नाही आणि विभागली तर तिच्यापासून यकृताच्याच पेशी होतात. एकाच फलित अंड्यापासून निघालेल्या पेशी आपापल्या वाटेला लागतात आणि मग ती वाट सोडत नाहीत, हे कोडं ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ कॉनरॅड वॉडिंग्टन यांना पडलं होतं. १९४२ मध्ये त्यांनी ‘एपिजेनेटिक्स’ हा शब्द वापरात आणला तो या विकासाच्या अभ्यासासाठी. पूर्वजांच्या आठवणींशी त्याचा काही संबंध नव्हता. पुढे यंत्रणा उलगडत गेली. डीएनएच्या ‘सी’ या अक्षराला एक कार्बन आणि तीन हायड्रोजन अणूंचा छोटासा मिथाइल गट चिकटतो, आणि जनुकाच्या सुरुवातीच्या भागात असे गट दाटले की ते जनुक सहसा गप्प बसतं. डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांच्यावरही रासायनिक खुणा होतात, आणि गुंडाळी सैल राहायची की घट्ट व्हायची हे त्यावर ठरतं. पेशी दुभंगते तेव्हा एक एन्झाइम जुन्या धाग्यावरचे मिथाइल गट पाहून नव्या धाग्यावर तसेच गट बसवतं. पेशीची स्मृती म्हणतात ती ही. एका शरीराच्या आत, एका आयुष्यापुरती ती अतिशय भरवशाची आहे.

ही स्मृती किती पक्की, ते डोळ्यांनी पाहायचं असेल तर पांढरी, काळी आणि नारिंगी अशी तीन रंगांची कबरी मांजर पाहावी. ती जवळजवळ नेहमी मादीच असते. नारिंगी रंगाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, मादीला दोन एक्स असतात, आणि भ्रूण अगदी लहान असताना प्रत्येक पेशी दोनपैकी एक एक्स कायमचं बंद करते. कोणतं बंद करायचं हे नशिबावर ठरतं. एकदा बंद झालं की त्या पेशीची सगळी लेकरं तेच बंद ठेवतात. म्हणून अंगावर इथे काळा ठिपका, तिथे नारिंगी. मेरी लायन यांनी १९६१ मध्ये उंदरांच्या निरीक्षणावरून एक्स बंद होण्याची ही कल्पना मांडली. चाळीस वर्षांनी, डिसेंबर २००१ मध्ये, टेक्सासमध्ये जगातली पहिली क्लोन केलेली मांजर जन्मली. तिची मूळ प्रत, रेनबो, तिरंगी होती. क्लोनच्या अंगावर मात्र नारिंगी रंगाचा मागमूसही नव्हता. ज्या पेशीतून केंद्रक घेतलं तिच्यात नारिंगी जनुक असलेलं एक्स बंद होतं आणि क्लोनिंगमध्ये ते पुन्हा उघडलं नाही, असा याचा खुलासा केला जातो. हाच रेनबोचा डीएनए नेहमीच्या वाटेने, म्हणजे तिच्या बीजांडातून, पिल्लात गेला असता, तर बंद एक्स आधी उघडलं असतं आणि मादी पिल्लाच्या शरीरात कोणतं बंद करायचं याचा खेळ पहिल्यापासून मांडला गेला असता. शरीर बनवताना जी खूण इतकी हट्टाने जपली जाते, तीच पिल्लू बनवताना काढून टाकली जाते.

असं का, याचं उत्तर सरळ आहे. बीजांड आणि शुक्राणू याही अखेर विशिष्ट कामाच्या पेशी आहेत. त्यांच्या मिलनातून जी पेशी होते तिला मात्र सगळ्या प्रकारच्या पेशी होता आलं पाहिजे. त्यासाठी पाटी कोरी लागते. फलन झाल्यावर काही तासांतच शुक्राणूकडून आलेल्या डीएनएवरचे मिथाइल गट वेगाने निघू लागतात, आईकडच्या डीएनएवरचे पेशीविभाजनाबरोबर विरळ होत जातात. दुसरी पुसणी याहून कडक असते. गर्भ काही आठवड्यांचा असताना त्याच्याच शरीरात त्याच्या भावी बीजांडांच्या किंवा शुक्राणूंच्या आद्य पेशी वेगळ्या निघतात, आणि त्यांच्यातलं मिथिलेशन, म्हणजे मिथाइल गटांचं प्रमाण, जवळजवळ तळाला जातं. मानवी गर्भातल्या या पेशींची मोजमापं २०१५ मध्ये एकापेक्षा जास्त प्रयोगशाळांनी प्रसिद्ध केली. मिथिलेशन दहा टक्क्यांच्याही खाली आलेलं दिसलं. काही तुकडे या पुसणीतून निसटतात, त्यातले बहुतेक जुन्या विषाणूंसारख्या उड्या मारणाऱ्या डीएनएचे असतात, ज्यांना मोकळं सोडणं धोक्याचं असतं. त्यांच्याकडे मी पुढे येतोच.

‘पण जनुकीय छाप तर टिकते ना?’ असं कोणी म्हणेल. टिकते, आणि ती कशी टिकते हे पाहिलं तर माझंच म्हणणं पक्कं होतं. १९८४ मध्ये केंब्रिजमध्ये अझीम सुरानी यांनी आणि फिलाडेल्फियात जेम्स मॅकग्रा व डावोर सोल्टर यांनी उंदरांची अशी भ्रूणं बनवली, ज्यांत गुणसूत्रांचे दोन्ही संच आईकडचे होते किंवा दोन्ही बापाकडचे. ती वाढलीच नाहीत. काही जनुकांवर ‘मी आईकडून आलो’ किंवा ‘मी बापाकडून आलो’ अशी छाप असते आणि दोन्ही प्रकारच्या प्रती लागतात, हे त्यातून कळलं. वाढीसाठी लागणारं आयजीएफ-२ हे जनुक यातलंच: बापाकडची प्रत चालू, आईकडची बंद. ही छाप फलनानंतरच्या पहिल्या पुसणीतून वाचते. पण एखाद्या पुरुषाला आपल्या आईकडून मिळालेली बंद प्रत त्याने आपल्या मुलाला दिली, की ती मुलात चालू असते. म्हणजे आजीची छाप त्या पुरुषाच्या बीजपेशींत पुसली गेली आणि तिथे बापाची छाप नव्याने मारली गेली. वारशात टिकणारी म्हणून जिचा दाखला देतात, ती सर्वांत भक्कम खूणसुद्धा आजीकडून नातवापर्यंत जात नाही.

आता हे आपल्या दुष्काळाला लावून पाहू. १८७६ ते ७८ चा दख्खनचा दुष्काळ घेऊ. सोलापूर, नगर, पुणे, सातारा, विजापूर हे जिल्हे त्यात होरपळले. आज पन्नाशीत असलेल्या माणसाचे त्या वेळी जाणते असलेले पूर्वज म्हणजे साधारण त्याचे खापरपणजोबा आणि खापरपणजी. समजा, खापरपणजीच्या बीजांडात उपासमारीची खूण उमटली. ती पणजोबांचा भ्रूण होताना एकदा पुसली जाणार, पणजोबांच्या बीजपेशींत दुसऱ्यांदा. आजोबांच्या वेळी आणखी दोनदा, वडिलांच्या वेळी आणखी दोनदा, आणि अखेर या माणसाचा स्वतःचा भ्रूण होताना सातव्यांदा. सात पुसण्यांतून एकच खूण जशीच्या तशी निसटली पाहिजे. शिवाय या माणसाला खापरपणजोबा-पणजी मिळून सोळा आहेत, आणि त्या प्रत्येकाकडून त्याला सरासरीने डीएनएचा सोळावा हिस्सा मिळालेला आहे. अशक्य आहे असं मी म्हणत नाही. पण ज्याला हे घडलं असं म्हणायचं आहे त्याने ती खूण दाखवली पाहिजे. कोणत्या जनुकावर, किती आणि कोणाच्या रक्तात मोजली? दख्खनच्या दुष्काळाबाबत असं मोजमाप कोणी पुढे ठेवलेलं नाही.

कथेचे समर्थक इथे प्राणी आणि वनस्पतींची उदाहरणं काढतात, आणि ती खोटी नाहीत. पिवळ्या-करड्या रंगांच्या अगूती उंदरांत आईच्या अंगावरची खूण पिल्लांत काही अंशी उतरते, हे ऑस्ट्रेलियात एमा व्हाइटलॉ यांच्या गटाने १९९९ मध्ये दाखवलं. गरोदर माद्यांना मिथाइल गट पुरवणारा आहार दिला की पिल्लांच्या रंगाचं प्रमाण बदलतं, हे २००३ मध्ये अमेरिकेत वॉटरलँड आणि जर्टल यांनी दाखवलं. त्या पिवळ्या गुबगुबीत उंदरांची चित्रं तेव्हापासून प्रत्येक लोकप्रिय लेखात असतात. त्यांच्यात जे घडतं ते जनुकाशेजारी घुसलेल्या एका उडत्या तुकड्यामुळे, म्हणजे मघाशी म्हटलेल्या निसटणाऱ्यांपैकी एकामुळे. असे तुकडे उंदरांत आणखी किती आहेत, याचा केंब्रिजमध्ये अॅन फर्ग्युसन-स्मिथ यांच्या गटाने पुढे पद्धतशीर शोध घेतला. तसे बरेच सापडले, पण बहुतेकांची खूण दर पिढीला नव्याने बसते आणि आहारासारख्या बाह्य बदलांना ती फारशी दाद देत नाही, असं निघालं. ज्या उदाहरणावरून नियम काढला जात होता ते अपवाद ठरलं. वनस्पतींत खुणा खरोखर अनेक पिढ्या टिकतात. टोडफ्लॅक्स नावाच्या फुलझाडाचं एक विचित्र रूप, जे लिनियसलाही चक्रावून गेलं होतं, ते मिथिलेशनमुळे आहे हे १९९९ मध्ये कळलं. पण वनस्पती बीजपेशी आयुष्यात उशिरा, शेंड्याच्या सामान्य पेशींतून तयार करतात आणि अशी कडक पुसणी करत नाहीत. सी. एलिगन्स या सूत्रकृमीत छोट्या आरएनएचा परिणाम कित्येक पिढ्या चालतो, कारण त्या आरएनएच्या पुन्हा पुन्हा प्रती काढणारं एन्झाइम त्याच्याकडे आहे. सस्तन प्राण्यांकडे ते नाही. फुलझाडाचं जे खरं ते सूत्रकृमीचं आणि सूत्रकृमीचं ते माणसाचं, अशी उडी जीवशास्त्रात मारता येत नाही.

मग माणसांचे पुरावे? इथे मला थोडं थांबायला हवं, कारण यातला एक भाग भक्कम आहे आणि कथा त्याच्याच जोरावर उभी राहते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी पश्चिम नेदरलँड्सची अन्नाची वाट रोखली. काही महिने उपासमार, त्याआधी आणि नंतर पुरेसं अन्न, आणि सगळ्यांच्या जन्मनोंदी जागच्या जागी. त्या काळात गर्भात असलेल्या मुलांचा अभ्यास करता आला तो यामुळेच. बास हाइमान्स आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये गर्भधारणेच्या सुमारास दुष्काळ सोसलेल्या ६० जणांची त्यांच्या सख्ख्या भावंडांशी तुलना केली. सहा दशकांनंतरही आयजीएफ-२ जवळचं मिथिलेशन भावंडांत सरासरी ५१.५ टक्के, तर दुष्काळी मुलांत ४८.८ टक्के होतं. युक्रेनमधल्या १९३२-३३ च्या दुष्काळाचा एक कोटीहून अधिक लोकांचा अभ्यास २०२४ मध्ये आला. गर्भधारणेच्या सुरुवातीच्या काळात ज्यांनी तो सोसला त्यांच्यात पुढे टाइप-२ मधुमेहाचं प्रमाण दुपटीहून जास्त निघालं. हे मी मान्य करतो, नव्हे, हेच महत्त्वाचं आहे असं म्हणतो. मात्र यात उपाशी कोण होतं ते पाहा. ज्याला मधुमेह झाला तोच माणूस गर्भात असताना उपाशी होता. इथे खूण कोणाकडून ‘उतरली’ नाही. ती त्याच्या स्वतःच्या वाढत्या शरीरावर पडली आणि त्याच्या आयुष्यभर राहिली. पेशीची स्मृती एका आयुष्यापुरती भरवशाची आहे, हे वर म्हटलंच. याच न्यायाने गरोदर बाई उपाशी असेल तर ती स्वतः, तिच्या पोटातला गर्भ आणि त्या गर्भातल्या बीजपेशी, अशा तीन पिढ्या एकाच वेळी उपाशी असतात. म्हणून खरा वारसा म्हणायचा तर चौथ्या पिढीपर्यंत परिणाम दाखवावा लागतो. गर्भावरचा परिणाम आणि वंशावरचा परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लोकप्रिय कथा पहिलीचा पुरावा दाखवून दुसरी पदरात पाडून घेते.

गर्भावरच्या परिणामातही सगळं एकसुरी नाही. लेनिनग्राडच्या वेढ्यात गर्भात असलेल्यांच्या अभ्यासात (१९९७) ग्लुकोज पचवण्यात फरक आढळला नाही. चीनच्या १९५९-६१ च्या दुष्काळावर तर लेखांचा पाऊस पडला, बहुतेकांचा निष्कर्ष ‘दुष्काळामुळे मधुमेह’ असा. २०१७ मध्ये ली आणि ल्यूमी यांनी ते सगळे एकत्र करून तपासले, तेव्हा एक साधी चूक उघडी पडली. दुष्काळात जन्मलेल्यांची तुलना त्यानंतर जन्मलेल्यांशी, म्हणजे वयाने लहान माणसांशी केली होती. वय वाढलं की मधुमेह वाढतोच. वयाचा हिशोब नीट केला की बहुतेक परिणाम विरून गेला. हे ल्यूमी तेच, ज्यांनी डच आणि युक्रेनच्या दुष्काळांवर आयुष्य घालवलं आहे. दुष्काळाच्या परिणामांविषयी त्यांना आकस असायचं कारण नाही.

नातवंडांपर्यंतचा पुरावा म्हणून दोन नावं हमखास येतात. पहिलं नाव उत्तर स्वीडनमधल्या ओव्हरकालिक्स या गावाचं. तिथल्या जुन्या पिकांच्या नोंदींवरून असं मांडलं गेलं की आजोबांच्या लहानपणी किती अन्न होतं त्याचा नातवंडांच्या मधुमेहाने होणाऱ्या मृत्यूंशी संबंध आहे. पण संबंधाची दिशा कोणती होती, हे सांगायला कथाकार विसरतात. तिथे आजोबांची *सुबत्ता* नातवंडांना बाधली, उपासमार नव्हे. २०१८ मध्ये उप्सालाच्या हजारो कुटुंबांवर पडताळा घेतला तेव्हा वडिलांकडच्या आजोबांच्या भरपेट बालपणाचा संबंध नातवांच्या, फक्त मुलग्यांच्या, मृत्यूशी दिसला. पण तो मुख्यतः कॅन्सरचा, मधुमेहाचा नाही. म्हणजे स्वीडनचा दाखला मानायचाच असेल तर आपल्या उपाशी पूर्वजांनी आपल्याला मधुमेहापासून वाचवायला हवं होतं! आणि दोन्हीकडे कुठेही मिथिलेशन मोजलेलं नाही. दुसरं नाव ज्यूंच्या संहारातून वाचलेल्यांच्या मुलांचं. २०१६ चा तो अभ्यास ३२ वाचलेल्यांचा आणि त्यांच्या २२ मुलांचा होता, तुलनेचा गट त्याहून कितीतरी लहान. एफकेबीपी-५ या जनुकाजवळ पालकांत मिथिलेशन वाढलेलं, मुलांत कमी झालेलं. खूण ‘उतरली’ म्हणावं तर ती उलटी होऊन उतरली. शिवाय ही मुलं त्या पालकांच्या घरात, त्यांच्या भीतीच्या आणि मौनाच्या सावलीत वाढली. आणि मिथिलेशनचा पुष्कळ भाग डीएनएतल्या अक्षरांवरच ठरतो, हे ३२ हजारांहून अधिक लोकांच्या रक्ताच्या अभ्यासाने २०२१ मध्ये दाखवलं. मुलांना पालकांचा डीएनए मिळतो, तर त्यांचं मिथिलेशन थोडंफार जुळणारच. वारसा आहे, पण तो नेहमीचाच.

आता घरचे आकडे. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत. शहरांत प्रमाण १६.४ टक्के, खेड्यांत ८.९ टक्के. १९७० च्या दशकातल्या पाहणीत शहरांतलं प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास होतं. खूण दुष्काळाची असेल, तर दुष्काळाला अधिक जवळ असलेल्या १९७० च्या पिढीत मधुमेह जास्त हवा होता. शहरात आणि गावात खापरपणजोबा एकच असताना प्रमाणात जवळजवळ दुपटीचा फरक का? समर्थकांचं उत्तर ठरलेलं आहे: खूण होती, पण ती सुबत्ता आल्यावर जागी झाली. ठीक. मग जागं करणारी गोष्ट आजची आहे, बसून काम, तेल, साखर, पोटाचा घेर. आणि निद्रिस्त खूण कोणी पाहिलेली नाही. जे पाहिलेलं नाही ते स्पष्टीकरणात ठेवायचं कशाला?

भारतीय शरीर युरोपीय शरीरापेक्षा वेगळं वागतं, हे मात्र मोजलेलं आहे, आणि ते पुण्यात मोजलेलं आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आपला दोघांचा एकत्र फोटो छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. वजनकाट्यावर सारखे, आत वेगळे. १९९३ मध्ये केईएम रुग्णालयाच्या गटाने पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला, तेव्हा तिथल्या नवजात बाळांचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो निघालं. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. स्नायू, पोटातले अवयव सगळं लहान, पण कातडीखालची चरबी त्या मानाने शाबूत. ‘बारीक-तरी-लठ्ठ’ बाळ हे वर्णन इथलं. याच मुलांच्या आयांत ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास होती, आणि ज्या आयांत ब-१२ कमी पण फोलेट जास्त होतं त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनचा प्रतिरोध सर्वाधिक दिसला. मिथाइल गट बनवायला लागणाऱ्या साखळीत ब-१२ आणि फोलेट दोन्ही असतात, त्यामुळे इथे एपिजेनेटिक्सचा धागा असणं अगदी शक्य आहे. पण तो धागा त्या दुष्काळात ब्रिटिश अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी ठरवलेल्या रेशनपर्यंत जात नाही. तो बाळाच्या आईच्या ताटापर्यंत जातो.

टेंपलचं नाव काढलं आहे तर पुढचा आक्षेपही घेऊ: ‘म्हणजे इंग्रजांना निर्दोष सोडायचं?’ अजिबात नाही. १८७७ मध्ये टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या पुरुषाचा मोबदला रोज एक पौंड धान्य आणि एक आणा इतका खाली आणला; त्यावर दगड फोडणारा माणूस तग धरू शकत नाही. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्या काळात गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे ठेवली. ब्रिटिश अंमलाखालच्या प्रदेशात पन्नास लाखांहून अधिक माणसं मेली. हा गुन्हा कागदोपत्री, साक्षीपुराव्यानिशी सिद्ध आहे; त्याला मिथाइल गटाची साक्ष लागत नाही. उलट, सिद्ध गुन्ह्याला असिद्ध जीवशास्त्राची जोड दिली, की उद्या ते जीवशास्त्र कोसळताना इतिहासही संशयात ओढला जातो. शिवाय या कथेत मेलेल्यांपेक्षा जिवंत वंशजांच्या पोटाचा घेर महत्त्वाचा ठरतो, हे मला खटकतं.

शुक्राणूंतले छोटे आरएनए बापाच्या आहाराची वार्ता पुढच्या पिढीला देत असतील, असे उंदरांवरचे प्रयोग २०१६ पासून येत आहेत, आणि त्यांत काही दम आहे असं मला वाटतं. पण ते बापाकडून मुलाकडे आहेत. वासाच्या भीतीचा प्रसिद्ध प्रयोगही, ज्यात उंदराला अॅसिटोफिनोनच्या वासाबरोबर विजेचा झटका दिला आणि पिल्लं-नातवंडं त्या वासाला बिचकली, नातवंडांपर्यंतच गेला. आणि त्यातले निकाल संख्याशास्त्राच्या दृष्टीने संशय यावा इतके सगळेच ‘यशस्वी’ आहेत, असा आक्षेप ग्रेगरी फ्रान्सिस यांनी लगेच नोंदवला. माणसांत अनेक पिढ्यांच्या एपिजेनेटिक वारशाचा खात्रीचा पुरावा नाही, हे एडिथ हर्ड आणि रॉबर्ट मार्टिएन्सन यांनी २०१४ मध्ये आणि बर्नहार्ड होर्स्टहेम्के यांनी २०१८ मध्ये सविस्तर मांडलं. या क्षेत्रात हयात घालवलेली माणसं सावधपणे बोलत असताना, त्यांच्या नावावर बेधडक बोलणारे कोण आहेत हे पाहिलं पाहिजे.

त्यांतले काही गर्भसंस्कारांचे वर्ग चालवतात. तिथे हेच एपिजेनेटिक्स दुसऱ्या टोकाने वापरलं जातं: पूर्वजांची खूण उतरते, तर आईचा विचारही उतरणारच, म्हणून हे ऐका, ते वाचा, हा राग मनात आणू नका. या तर्कात बाळ अपुऱ्या वजनाचं झालं तर दोष कोणाचा, हे न सांगताच ठरतं. २०१४ मध्ये सारा रिचर्डसन आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये आयांना दोषी धरू नका, असा इशारा दिला होता, तो या प्रकारालाच लागू पडतो. गर्भारपणात धूम्रपान केलं तर बाळाच्या रक्तात मिथिलेशनचा फरक दिसतो, हे हजारो नवजात बाळांत मोजलेलं आहे. फोलिक अॅसिडने मज्जारज्जूचे दोष टळतात, हे १९९१ पासून पक्कं आहे. आईच्या मनातल्या श्लोकाने कोणतं जनुक उघडलं, हे कोणी मोजलेलं नाही. आणि महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक बायकांना रक्ताची कमतरता आहे, पाचात एकीहून अधिक मुलींचं लग्न अठराच्या आत होतं, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत छापलेलं आहे.

मुंबईतल्या झोपडपट्ट्यांमध्ये साडेसहा हजार बायकांवर एक प्रयोग झाला. गरोदर राहण्याआधीपासून निम्म्या जणींना पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला रोजचा खाऊ दिला, निम्म्यांना कमी पोषणाचा. बाळांच्या वजनात सरसकट मोठा फरक पडला नाही, हे प्रयोग करणाऱ्यांनी प्रामाणिकपणे नोंदवलं. गर्भारपणातला मधुमेह मात्र १२.४ टक्क्यांवरून ७.३ टक्क्यांवर आला. या बायकांचे खापरपणजोबा दोन्ही गटांत सारखेच दुष्काळग्रस्त असणार. पुण्याच्या त्या सहा गावांत १९९३ नंतर जन्मलेली मुलं मोठी झाली, तेव्हा २०१२ पासून त्यांतल्याच मुलामुलींना ब-१२ देऊन त्यांच्या पुढच्या बाळांवर काय परिणाम होतो हे पाहणारा प्रयोग सुरू झाला. आजी, आई आणि बाळ, तिन्हींची मोजमापं एकाच दप्तरात. पिढ्यान् पिढ्या उतरणारी खूण ज्याला सिद्ध करायची आहे, त्याने असं दप्तर उघडावं आणि चौथी पिढी येईपर्यंत वाट पाहावी.